छायाचित्रामागची तीन अक्षरे

(सीबीडी बेलापूर येथील एका कुटुंब एकत्रीकरणात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

ज्या वसाहतीच्या नावाची सुरुवातच तीन आद्याक्षरांनी होते, तेथील रहिवाशांना आद्याक्षरांचे महात्म्य वेगळे सांगावयास नको. 'सीबीडी' म्हणजे 'सेंट्रल बिझनेस डिस्ट्रिक्ट', मध्यवर्ती व्यापारकेंद्र. परंतु रिक्षावाल्याला 'सीबीडी' एवढे सांगितले की पुरते. 'सिडको' हा शब्दही आद्याक्षरांतूनच घडला. १९७० साली स्थापन झालेल्या या महामंडळाचे पूर्ण नाव आज शाळेतील किती मुलांना सांगता येईल? वापरणाऱ्यांची पिढी हयात असते तोवर आद्याक्षरे बोलत असतात. ती पिढी सरली की तीच अक्षरे मुकी होतात.

अशीच मुकी झालेली अक्षरे अनेक मराठी घरांत जपून ठेवलेली आहेत. बेलापूर, नेरूळ, खारघर येथे स्थिरावलेली बहुसंख्य कुटुंबे रायगड, रत्नागिरी, सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांतून आलेली. गावाकडील घर बंद होते, माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली उतरते आणि तिच्यातून एक तपकिरी झालेले छायाचित्र निघते. फेटा किंवा टोपी घातलेला, पट्टा आवळलेला, ताठ उभा असलेला एक तरुण. 'हे आपले पणजोबा, लढाईवर गेले होते' एवढेच सांगता येते. कोणत्या लढाईवर, कोणत्या पलटणीत, कोणत्या देशात, याचे उत्तर घरात कोणापाशी नसते. ते छायाचित्राच्या पाठीवर असते. पेन्सिलीने किंवा जांभळ्या शाईने इंग्रजीत काही अक्षरे आणि आकडे लिहिलेले असतात आणि घरातील कोणालाही ते लागत नाहीत.

दगडावर संख्या, नाव नाही

ही अक्षरे लावण्याचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर इराकमधील बसरा येथे सापडते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या आघाडीवर मरण पावलेल्या आणि ज्यांच्या कबरी वा दहनस्थाने ज्ञात नाहीत अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचे स्मारक १९२९ साली तेथे उभारले गेले. त्याच्या भिंतींवर ब्रिटिश सैनिकांची नावे आहेत, भारतीय अधिकाऱ्यांचीही आहेत. परंतु सामान्य भारतीय शिपायाचे नाव तेथे कोरले गेले नाही. पलटणीच्या नावाखाली 'इतके शिपाई' अशी केवळ संख्या कोरली गेली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात हा भेदभाव मान्य केला. प्रामुख्याने आशियाई आणि आफ्रिकी अशा ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण विषम रीतीने केले गेले, असे त्या अहवालाने म्हटले आणि त्याबद्दल आयोगाने क्षमायाचनाही केली.

बसरा दूर राहिले. आपल्या गावांतही निराळे चित्र नाही. सातारा, रत्नागिरी, रायगड या जिल्ह्यांतील अनेक गावांत शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीवर एक छोटी संगमरवरी पाटी आढळते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून किती माणसे गेली आणि त्यांपैकी किती परत आली नाहीत, एवढे दोन आकडे तिच्यावर असतात. नावे नसतात. सातारा जिल्ह्यातील 'अपशिंगे मिलिटरी' हे गाव तर सैनिकी परंपरेसाठीच प्रसिद्ध आहे. त्या एका गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले.

तेव्हा ट्रंकेतील छायाचित्र ही कौतुकाची जुनी वस्तू एवढ्यावर थांबत नाही. साम्राज्याने ज्याचा आकडा केला, त्या माणसाचे नाव, चेहरा आणि पलटण एकत्र सांगणारा तो कदाचित एकमेव कागद असतो. त्यावरील अक्षरे वाचणे म्हणजे आकड्याचा पुन्हा माणूस करणे होय.

आकडा काळ सांगतो

वाचनाचा पहिला नियम असा की अक्षरांआधी आकडे पाहावेत. भारतीय पायदळाची १९२२ साली मोठी पुनर्रचना झाली. त्यापूर्वी प्रत्येक पलटणीला स्वतंत्र क्रमांक होता: १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या मराठ्यांच्या पलटणी. पुनर्रचनेत या सहांची मिळून 'पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री' ही एक रेजिमेंट झाली आणि पलटणींचे क्रमांक अपूर्णांकासारखे लिहिले जाऊ लागले. १०३ ची झाली १/५, १०५ ची २/५, ११० ची ३/५, ११६ ची ४/५, ११७ ची ५/५ आणि ११४ ची १०/५. '३/५' याचा अर्थ पाचव्या रेजिमेंटची तिसरी पलटण.

म्हणजे छायाचित्राच्या पाठीवर '११७ मराठाज्' असे असेल, तर तो सैनिक १९२२ पूर्वीचा, बहुधा पहिल्या महायुद्धातील. '५/५ एम.एल.आय.' असे असेल, तर दोन महायुद्धांमधल्या काळातील किंवा दुसऱ्या महायुद्धातील. पलटण तीच, केवळ लिहिण्याची रीत बदललेली. इंग्रजी स्पेलिंगही साक्ष देते. इंग्रजांच्या काळात 'मराठा' या शब्दात एक जादा 'एच' घालून 'माह्रट्टा' असे लिहीत. स्वातंत्र्यानंतर ते स्पेलिंग गेले.

कधी कधी कागदावर काहीच नसते, पण घरातील म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात पलटणीचे टोपणनाव उरलेले असते. पहिली पलटण 'जंगी पलटण' म्हणून आणि दुसरी 'काली पांचवीं' म्हणून ओळखली जाते. 'आजोबा काळी पाचवीत होते' असे कोणी म्हणाले तर नातवाला ती शाळेची इयत्ता वाटेल! प्रत्यक्षात ती जुनी १०५ वी पलटण होय. म्हणून छायाचित्र हाती घेताना घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला शेजारी बसवून घ्यावे. अर्धे उत्तर कागदावर असते, अर्धे तिच्या बोलण्यात.

अक्षरे देश सांगतात

युद्धकाळात शिपाई कोठे आहे हे घरच्या पत्रातही लिहिण्यास मनाई असे. पत्रावर गावाऐवजी 'एफ.पी.ओ.' म्हणजे फील्ड पोस्ट ऑफिस आणि त्याचा क्रमांक असे. छायाचित्राच्या पाठीवर आढळतात ती सैन्यदलाची आद्याक्षरे. त्यांतून देश ओळखता येतो, मात्र जपून.

पहिल्या महायुद्धात भारतातून गेलेल्या मोहिमांना 'आय.ई.एफ.' म्हणजे इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स असे नाव होते आणि पुढे एक अक्षर असे. 'ए' म्हणजे फ्रान्स, 'बी' आणि 'सी' म्हणजे पूर्व आफ्रिका, 'डी' म्हणजे मेसोपोटेमिया, 'ई' आणि 'एफ' म्हणजे इजिप्तकडील आघाडी, 'जी' म्हणजे गॅलिपोली. मराठी घरांतील जुन्या छायाचित्रांवर 'डी' हे अक्षर असेल, तर मन थोडे थांबले पाहिजे. १०३, ११० आणि ११७ या तीनही मराठा पलटणी मेसोपोटेमियात जनरल टाउनशेंड यांच्या पुणे डिव्हिजनबरोबर होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत कुत-अल-अमारा येथे त्यांना तुर्की सैन्याने वेढले. अन्न संपले, सुटकेचे प्रयत्न फसले आणि सुमारे तेरा हजार जणांना शरण जावे लागले. त्यापुढे वाळवंटातील पायपीट आणि कैद यांत कित्येक जण मेले. 'आय.ई.एफ. डी' आणि त्यापुढे 'पी.ओ.डब्ल्यू.', म्हणजे युद्धकैदी, अशी सहा-सात अक्षरे लिहून कोणी मोकळा झाला असेल. त्या अक्षरांत एवढा इतिहास दडलेला असतो.

दुसऱ्या महायुद्धात 'सी.एम.एफ.' म्हणजे सेंट्रल मेडिटरेनियन फोर्स, अर्थात इटलीची आघाडी. 'पाइफोर्स' म्हणजे इराण-इराकमधील सैन्य. 'एस.ई.ए.सी.' म्हणजे १९४३ साली स्थापन झालेले आग्नेय आशियाचे सेनाधिपत्य, ज्याखाली ब्रह्मदेशची लढाई लढली गेली. 'एम.ई.एफ.' ही अक्षरे मात्र फसवी आहेत. दुसऱ्या महायुद्धात त्यांचा अर्थ 'मिडल ईस्ट फोर्सेस', म्हणजे इजिप्त, लिबियाकडील सैन्य. पहिल्या महायुद्धात तीच अक्षरे गॅलिपोलीच्या 'मेडिटरेनियन' सैन्यासाठी वापरीत आणि मेसोपोटेमियाच्या सैन्यासाठीही आढळतात. तीन अक्षरे, तीन अर्थ! म्हणूनच पलटणीच्या आकड्यावरून आधी काळ ठरवावा आणि मग देश ठरवावा. हा क्रम उलटला की पणजोबा भलत्याच खंडात पोहोचतात.

पायदळाबाहेरील आद्याक्षरांचीही काळाशी अशीच गाठ आहे. 'आर.आय.ए.एस.सी.' म्हणजे रसद पुरविणारे दल. त्याला 'रॉयल' हे बिरुद १९३५ साली मिळाले आणि १९५० साली देश प्रजासत्ताक झाल्यावर ते गेले. 'आय.ए.एम.सी.' हे वैद्यकीय दल १९४३ साली स्थापन झाले. त्याआधीच्या छायाचित्रावर ती अक्षरे असणे शक्य नाही. वायुदल १९४५ पर्यंत 'आय.ए.एफ.' होते, १९४५ ते १९५० 'आर.आय.ए.एफ.' आणि पुन्हा 'आय.ए.एफ.' झाले. 'आर.आय.एन.' म्हणजे १९३४ ते १९५० या काळातील आरमार. कोकणातील दर्यावर्दी कुटुंबांत ही अक्षरे सापडतात. त्यांच्या शेजारी 'एच.एम.आय.एस. तलवार' असे नाव दिसले तर ते मुंबईतील त्या तळाचे होय, जेथे १८ फेब्रुवारी १९४६ रोजी नाविकांच्या उठावाची ठिणगी पडली. छायाचित्रातील तो तरुण त्या दिवशी तेथेच होता का, हा शोध मग त्या घराने घ्यावयाचा.

एक ओळ, एक आयुष्य

हुद्द्यांची आणि पदकांची आद्याक्षरे सर्वांत सोपी. 'सेप' म्हणजे शिपाई, 'एल/एनके' लान्स नाईक, 'एनके' नाईक, 'हव' हवालदार, 'जेम' जमादार, 'सब' सुभेदार. जमादार हा हुद्दा १९६५ साली 'नायब सुभेदार' झाला, त्यामुळे 'जेम' हे त्याआधीचेच. बाहीवरच्या फिती मोजूनही पडताळा घेता येतो: एक फीत लान्स नाईकाची, दोन नाईकाच्या, तीन हवालदाराच्या. 'आय.ओ.एम.' आणि 'आय.डी.एस.एम.' ही भारतीय सैनिकांना दिली जाणारी शौर्यपदके. 'ओ.बी.आय.' मिळालेल्या सुभेदाराला 'बहादूर' किंवा 'सरदार बहादूर' ही उपाधी मिळे. 'आमच्या घराण्यात सरदारकी होती' अशी आठवण एखाद्या घरात असते, तिचे मूळ कित्येकदा या तीन अक्षरांत सापडू शकते. 'के.आय.ए.' म्हणजे रणांगणी पतन.

आता समजा, एका छायाचित्राच्या पाठीवर एवढीच ओळ आहे: 'एनके, ३/५ एम.एल.आय., सी.एम.एफ., १९४४'. तिचा अर्थ, पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतील नाईक, इटलीच्या आघाडीवर. या ओळीत बसणारा एक माणूस साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक असावयास हवा. बेलापूरहून पनवेलमार्गे गोव्याच्या रस्त्याला लागले की पुढे माणगाव येते. त्या तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांची तुकडी शत्रूच्या मशीनगनच्या माऱ्यात सापडली. तुकडीतील बाकी सारे ठार वा जायबंदी झाले. घाडगे एकटे पुढे धावले. हातबॉम्बने त्यांनी ती मशीनगन आणि तिचा चालक निकामी केला, एकाला गोळी घातली आणि काडतुसे भरण्यास वेळ नाही असे पाहून बंदुकीची नळी हाती धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळविले. दबा धरून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी जिंकलेल्या जागीच त्यांना मृत्यू आला. वय बावीस. त्यांच्या नावापुढे आणखी दोन अक्षरे लागली: 'व्ही.सी.', व्हिक्टोरिया क्रॉस. ज्यांची कबर नाही अशा सैनिकांच्या कॅसिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव आहे आणि २०२३ साली इटलीतील मोंतोने या गावात त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभे राहिले.

'सेप, १/५ एम.एल.आय., सी.एम.एफ., १९४५' ही दुसरी ओळ. ती संगमनेर तालुक्यातील निमजच्या नामदेव जाधवांची असू शकते. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर त्यांनी दोन जखमी साथीदारांना सुरुंगांच्या पट्ट्यातून पलीकडे पोहोचविले, शत्रूची मशीनगन ठाणी मोडून काढली आणि बांधावर उभे राहून मराठ्यांचा युद्धघोष करीत मागच्या सैन्याला पुढे बोलाविले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते परत आले.

सगळ्यांच्या ओळीपुढे 'व्ही.सी.' नसते. '२/५ एम.एल.आय., एम.ई.एफ., पी.ओ.डब्ल्यू., १९४२' या ओळीचा माणूस बहुधा २१ जून १९४२ रोजी तोब्रुक पडले तेव्हा पलटणीसह कैद झालेला. त्याच्या नावाने कोठे पुतळा नाही. त्याचीही ओळ तितक्याच आदराने वाचावयास हवी.

परक्यांचे युद्ध?

येथे एक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळणे योग्य नाही. ही माणसे परकीय सत्तेच्या ध्वजाखाली लढली, मग त्यांचे स्मरण आपण का करावे? युद्ध कोणी पुकारले, कोणासाठी पुकारले, याचा निर्णय या शिपायांनी घेतला नव्हता. त्या सत्तेचा हिशेब इतिहासाने मांडला आहे आणि तो पुसण्याचे कारण नाही. परंतु शौर्याचे, शिस्तीचे, साथीदारासाठी प्राण वेचण्याचे खाते त्या हिशेबात बुडत नाही. दुसऱ्या महायुद्धात पंचवीस लाख भारतीय सैन्यात होते. कोणी पोटासाठी गेले, कोणी घराण्याच्या परंपरेने, कोणी आझाद हिंद सेनेत दाखल होऊन आपली बंदूक वळविली. प्रत्येकाची वाट निराळी होती आणि प्रत्येकाच्या छायाचित्रामागे काही अक्षरे होती.

पलटण ही राज्यकर्त्यांपेक्षा दीर्घायुषी असते, हेही ध्यानी घ्यावे. कुतच्या वेढ्यात उपाशी राहिलेली ११० वी पलटण पुढे ३/५ झाली. घाडगे याच पलटणीचे. पुढे तीच पलटण पॅराशूट सैनिकांची झाली आणि १९४८ साली झांगड-नौशेरा परिसरात लढणाऱ्या ५० व्या पॅराशूट ब्रिगेडमध्ये होती. १९५२ साली तिचे नाव '२ पॅरा' झाले. ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईल येथे विमानांतून उडी घेणारी आणि १६ डिसेंबरला ढाक्यात प्रवेश करणारी २ पॅरा ती हीच. जो नातू '११० एम.एल.आय.' ही अक्षरे वाचू शकतो, त्याला कुतपासून ढाक्यापर्यंतचा धागा हाती लागतो. जो वाचू शकत नाही, त्याच्या लेखी तो जुना कागद असतो.

घराने करावयाचे काम

हे काम संशोधकांची वाट पाहत ठेवण्याचे कारण नाही. छायाचित्राच्या दोन्ही बाजूंची स्वच्छ प्रत काढून घ्यावी. पाठीवरील मजकूर दिसेल तसा, टिंबे आणि तिरप्या रेघांसह, वहीत उतरवावा. अर्थ नंतर लावावा. '३/५' मधली रेघ गळली तर '३५' होते आणि माग हरवतो. छायाचित्र लॅमिनेट करू नये, डिंकाने चिकटवू नये, पाठीवर बॉलपेनने लिहू नये. खाडीकाठच्या दमट हवेत ते उघड्यावर ठेवू नये; कसर आणि बुरशी यांना तपकिरी कागद फार आवडतो.

घरात पदक असेल तर त्याची कड निरखून पाहावी. भारतीय सैनिकांच्या पदकांच्या कडेवर बहुधा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. ते चिंच लावून घासू नये. लखलखाट येतो आणि अक्षरे जातात. सैनिकाचा क्रमांक मिळाला तर तो सर्वांत मोलाचा. इंग्रज कारकुनांनी मराठी नावांची स्पेलिंगे मनास येतील तशी लिहिली, आडनावे कित्येकदा गाळली. क्रमांक मात्र बदलत नाही. हाती आलेली माहिती घेऊन बेळगाव येथील मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या रेजिमेंटल सेंटरकडे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे विचारणा करता येते आणि युद्धसमाधी आयोगाच्या सूचीत शोध घेता येतो. नाव नोंदलेले नसेल, तर पुराव्यानिशी आयोगाला कळविता येते.

आणि गावच्या पाटीचे? तिच्यावर आकडा आहे. तो आकडा सतरा असेल तर सतरा घरे शोधावीत, सतरा ट्रंका उघडाव्यात आणि सतरा नावांची एक यादी करून ती शाळेत लावावी. बेलापूरहून सुटीत गावी जाणाऱ्या मुलांना हे काम सहज जमण्यासारखे आहे. आजीजवळ बसावे, छायाचित्र उलटावे आणि पेन्सिलीची पुसट अक्षरे मोठ्याने वाचावीत. ज्या माणसाला शंभर वर्षांत कोणी नावाने हाक मारली नाही, त्याला ती हाक घरातूनच जावयास हवी.